पूजेला बसलेले ब्रेक

पाटावर सतरा वस्तू होत्या. एक जॅक, चाकाचे नट सोडवायचा एक पाना, चार रिंगपाने, एक स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड, सुतार लाकूड दाबून धरतात तसला एक लोखंडी क्लॅम्प, दोन कात्र्या, एक विळी, एक कोयता आणि चार ब्रेक पॅड. प्रत्येकावर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर अक्षता आणि वर झेंडूचं एकेक फूल. सतरापैकी तेरा वस्तू मला लगेच हव्या होत्या.

"हात लावायचा नाही," शालन आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. तिथून तिला मी दिसतही नव्हते.

"आत्या, तू ब्रेक पॅडसुद्धा पूजेला बसवलेस?"

"मग? लोखंडाचेच ना ते?"

"अर्धेच."

"अर्ध्या लोखंडाने काय पाप केलंय? काल कुरियरवाला आला तेव्हा पाट मांडलेलाच होता. ठेवले त्यातच."

काल खंडेनवमी झाली होती. आज दसरा. आत्याच्या घरचा नियम असा की नवमीला हत्यारं एकदा पाटावर बसली की दसऱ्याला गावाची हद्द ओलांडून, म्हणजे सीमोल्लंघन करून परत येईपर्यंत ती उचलायची नाहीत. सीमोल्लंघन संध्याकाळी. आणि सरोजमावशीला आणायचं होतं दुपारी.

आत्या राहायची दाणोलीत, आंबोली घाटाच्या पायथ्याशी. शाळेत शिवणकाम शिकवून ती निवृत्त झाली, मग एक जुनी छोटी गाडी घेतली आणि एकोणसाठाव्या वर्षी चालवायला शिकली. सरोजमावशी तिची शाळेतली सोबतीण. ती घाटाच्या माथ्यावर, आंबोलीत. दर दसऱ्याला दोघी दाणोलीच्या देवळासमोर भेटायच्या आणि एकमेकींना आपट्याचं सोनं द्यायच्या. त्या वर्षी मावशीच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. मुलगा म्हणाला, भाड्याची गाडी करून देतो. त्यावर मावशीने सगळ्यांना ऐकवलं, "शालन नेत असेल तर जाईन. परक्याच्या गाडीत घालून खाली धाडायला मी काय पार्सल आहे?" आत्याने फोनवर "आणते की" म्हणून सांगितलं होतं, आणि त्याच आठवड्यात गाडीची पुढची चाकं ब्रेक दाबला की किंचाळायला लागली होती.

मी तेव्हा नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. कॉलेजात स्पर्धेसाठी आम्ही एक छोटी गाडी बांधली होती, तिच्या ब्रेकचं काम माझ्याकडे होतं. आत्याला फोनवरून तो आवाज ऐकवायला लावला आणि पुण्याहून मीच पॅड मागवून दिले, आणि पाठोपाठ स्वतः आले. गाडी चालवता मात्र मला येत नव्हती. उघडता येत होती.

बाजारातलं गॅरेज बंद होतं. त्यांची हत्यारंही पूजेलाच बसली होती. मग मला शेजारचे पास्कूकाका आठवले. पास्कूकाका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. त्यांच्या घरी ख्रिसमस होता, खंडेनवमी नव्हती. कुंपणावरून हाक मारली.

"काका, पाने आहेत का? आणि एक क्लॅम्प?"

"आसत गो बाय. म्हणजे होते." काका चहाचा कप घेऊन कुंपणाशी आले. "काल तुझ्या आतेन व्हरले. म्हणाली, पास्कू, वर्सभर राबतत, एक दीस तरी त्यांका फूल गावांदे."

मी पाटाकडे पुन्हा पाहिलं. क्लॅम्पवर रंगाने 'पास्कू' लिहिलं होतं, त्याच्यावर कुंकू. अख्ख्या आळीत वापरता येईल असं एकही हत्यार शिल्लक नव्हतं.

"जाऊ दे ना, केतकी," आत्या हात पुसत बाहेर आली. "नशिबात नाही म्हणायचं. सरोजला मी फोन करते. पुढच्या वर्षी आणू."

हे तिने फार पटकन म्हटलं. मला तेव्हा तेवढंच जाणवलं.

"सीमोल्लंघन संध्याकाळीच का करायचं?" मी विचारलं.

"करतात तसं."

"पण दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी एक. पूर्ण दिवस मुहूर्त. पूर्ण दिवसात सकाळचे साडेसात येतात."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "पोरगी बरोबर बोलता. लग्नाक मुहूर्त मिळाना झालो की सगळे दसरो धरतत. घड्याळ कोण बघता? मी सकाळी आठाक पण वाजवलंय."

"तू गप्प बस. तुला काय कळतं आमच्यातलं?"

"बाई, तुमच्यातली तीनशे लग्नां वाजवलंय मी. भटाखालोखाल माकाच कळता."

आत्याला हसू आलं. हसू आल्यावर तिला हट्ट धरता यायचा नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ती आत गेली, काठापदराचं लुगडं नेसून आली, आणि आम्ही तिघं निघालो. काका ट्रम्पेट घेऊनच आले.

गावची हद्द म्हणजे व्हाळावरचा, ओढ्यावरचा, एक मोरीपूल. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलं होतं. अलीकडच्या बाजूला गावाच्या नावाची पाटी, पलीकडे काही नाही. आत्या पुलाच्या मध्यावर थांबली.

"वाजत गाजत जायचं असतं," ती पुटपुटली.

काकांनी ट्रम्पेट तोंडाला लावलं. नवरा मांडवात येताना वाजवतात ती धून त्यांनी इतक्या जोरात सुरू केली की भातातले बगळे उडाले आणि एक मोटारसायकलवाला थांबून नवरा कुठे आहे ते शोधायला लागला. आत्या लुगडं सावरत, मान ताठ ठेवून पलीकडे गेली, आपट्याच्या झुडपाची चार पानं तोडली आणि परत आली. मोटारसायकलवाल्याच्या हातात तिने एक पान ठेवलं. तो बिचारा पाया पडला.

घरी आल्यावर आत्याने पाटावर अक्षता टाकल्या, पाट किंचित हलवला आणि म्हणाली, "घे. सुटली."

गाडी अंगणातल्या सपाट जागी होती. मागच्या चाकांना दोन्हीकडून जांभ्याचे चिरे लावले, हँडब्रेक ओढला. चाक अजून जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करून घेतले, कारण गाडी उचलल्यावर चाक नटांबरोबर फिरायला लागतं. मग जॅक लावला. चाक काढलं आणि तेच गाडीखाली आडवं सरकवलं.

"ते कशाला?" आत्याने विचारलं.

"जॅक घसरला तर गाडी चाकावर पडेल, माझ्यावर नाही."

"अगो बाई!" म्हणत आत्याने आणखी दोन चिरे आणून त्याच्या शेजारी रचले. मग पदर खोचून माझ्या बाजूला बसली. काकांनी व्हरांड्यातली खुर्ची ओढून सावलीत घेतली.

चाकाच्या आत लोखंडाची चकचकीत तबकडी असते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा जाड भाग म्हणजे कॅलिपर. मी त्याचा खालचा बोल्ट सोडला आणि तो वर उचलून तारेने बांधून ठेवला. जुने पॅड हातात आले. एकाच्या कडेला पत्र्याची छोटी जीभ होती.

"ही बघ. ही ओरडत होती. पॅड झिजले की ही जीभ डिस्कला घासते. मुद्दाम ठेवलेली असते."

"म्हणजे ते रडणं बनवून घातलेलं आहे?"

"हो."

"शहाणी माणसं," आत्या म्हणाली. तिने पॅड उलटापालटा करून पाहिला. "आणि हे दोन्हीकडून दाबतं? चिमटीत धरल्यासारखं?"

"अगदी."

"मशीनवर कापड पळायला लागलं की मी मुलींना सांगायची, दोन बोटांत धरा. हे तेच की गो! मला वाटायचं, पायाने दाबलं की काहीतरी दोरीबिरी ओढली जाते."

तिला सगळं दाखवायचं म्हणून मी डिस्क पुसली आणि हाताने फिरवली. अर्धा फेरा झाल्यावर थांबले. चकचकीत पृष्ठभागावर निळसर झाक होती, काजळीत मोरपीस घासल्यासारखी. जुन्या पॅडचा काळा भागही काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

"आत्या, ही डिस्क कधीतरी खूप तापलीये."

तिने जुना पॅड हळूच खाली ठेवला.

"लोखंड निळं पडायला तीनशे अंशांच्या आसपास तापावं लागतं. बाजारात जाऊन येताना नाही तापत तेवढं."

"ऊन होतं की यंदा."

"उन्हाने नाही तापत. घाट कधी उतरलीस?"

आत्याने झेंडूचं फूल उचललं आणि एकेक पाकळी काढायला लागली. काका खुर्चीत जरा पुढे झुकले.

"जुलैत," ती शेवटी म्हणाली. "सरोजला बघायला गेले होते. येताना धुकं. पाऊस. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होते. निम्म्यात आल्यावर जळका वास यायला लागला, आणि मग..." तिने तळवा हवेत दाबला. "पाय आत जायला लागला. दाबते आहे, दाबते आहे, गाडी आपली चाललीच आहे. वळणावरच्या कठड्याला चाक घासून थांबवली. तासभर तशीच बसले होते. मग हळूहळू आले."

"कोणाला सांगितलं नाहीस?"

"कोणाला सांगू? तुझ्या बापाला? या वयात कशाला गाडी, हे त्याचं वाक्य तयारच असतं. गॅरेजवाल्याला म्हटलं, ब्रेक बघ. त्याने ते आतलं ब्रेक ऑइल बदललं आणि म्हणाला, पॅड पण घाला. ते मी लांबवलं."

मी टॉर्चचा उजेड पाडून डिस्क नीट पाहिली. तडा नव्हता, कडेला खाच नव्हती, नखाला कुठे काही अडकत नव्हतं.

"उतरताना गिअर कुठला होता?"

"गिअर? गिअर काढलेलाच होता. उतारावर गिअर काढायचा, पेट्रोल वाचतं."

"हे कोणी सांगितलं?"

आत्याने पाकळ्यांवरून नजर उचलली आणि ती थेट सावलीतल्या खुर्चीवर नेली. काका उठून उभे राहिले होते.

"मी स्कूटर तशीच उतरवतंय," ते म्हणाले. "चाळीस वर्सां."

"तुझी स्कूटर म्हणजे शेळी आहे, पास्कू! ही म्हैस आहे!"

"माका काय ठाऊक तू ऐकतलस! आजपर्यंत माझा एक तरी ऐकलस?"

मला हसू आवरेना. आत्या रागाने काकांकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. मग तीही फुटली. काका मात्र गंभीर चेहऱ्याने आपल्या घरी गेले आणि प्रायश्चित्त म्हणून नेवऱ्यांची, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्यांची, बशी घेऊन आले.

"घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा," मी तिला सांगितलं. "इंजिन गाडीला धरून ठेवतं. ब्रेक फक्त वळणाआधी, दाबायचा आणि सोडायचा. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. तुझा पाय नीटच होता. एकट्या ब्रेकवर सगळी म्हैस पडली होती."

"दुसरा गिअर," ती स्वतःशी म्हणाली.

आता नवे पॅड. पहिला पॅड हातात घेतला. बोटाला तेल लागलं. आत्याची सवय मला लहानपणापासून माहीत होती. लोखंडाला पूजेचं पाणी लागून गंज धरू नये म्हणून ती आधी प्रत्येक हत्याराला मशीनच्या तेलाचा हात फिरवते. आणि पॅडच्या काळ्या भागात तेल मुरलं की तो पॅड फेकायचाच. हे मी तिला फोनवर सांगितलं होतं.

"आत्या. तेल लावलंस?"

"मागच्या बाजूला. लोखंडाला."

"काळ्या बाजूला?"

तिने हात पदराला पुसले.

"बाटली हातात घेतली होती," ती म्हणाली. "तू सांगितलं होतंस ना, काळ्याला तेल लागलं की कामातून गेले. म्हटलं, एक थेंब. मग काही नको. सरोजला सांगता येईल, पॅड खराब निघाले. मी घाबरले, हे सांगायला नको." तिने चारही पॅड एकेक करून काळी बाजू वर करून माझ्यापुढे मांडले. कोरडे होते. प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट, बस्. "थेंब बाटलीच्या तोंडाशी आला होता. मग डोळ्यांसमोर आलं, सरोज काठी टेकून पायरीवर वाट बघत बसलीये. बाटलीचं बूच लावलं. आणि पाटावर ठेवले. म्हटलं, देवालाच ठरवू दे."

काका बशीतल्या नेवरीकडे बघत म्हणाले, "देवान केतकीक धाडल्यान."

"देवाने नाही, मीच बोलावलं होतं तिला," आत्या म्हणाली आणि डोळ्याच्या कोपऱ्याला पदर लावला. "आता बोलत काय बसलात? चालू करा काम."

पाठीचं तेल मी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं केलं. काळ्या बाजूचं हळदकुंकू पॉलिश पेपरने हलकेच घासून काढलं. आत्याने ते लाल पीठ जमिनीवर पडू दिलं नाही, कागदावर धरलं आणि तुळशीत टाकलं.

कॅलिपरमधला पिस्टन, म्हणजे पॅडला दाबणारा दट्ट्या, मागे ढकलायचा होता, नवे जाड पॅड बसावेत म्हणून. जुना पॅड त्याच्यावर ठेवला आणि काकांचा क्लॅम्प लावला. "मी पिळू?" आत्याने विचारलं. तिने हळूहळू पिळायला सुरुवात केली. मी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवून होते. आतली पातळी वर चढत होती.

"एकीकडे म्हणता ब्रेकला तेल लागू नये," ती पिळता पिळता म्हणाली, "आणि आत सगळं तेलच."

"ते बंद नळीतलं. तुझा पाय ते तेल ढकलतो, तेल पिस्टनला ढकलतं."

"माझा पाय?" ती थांबली. "इथपर्यंत येतो?"

"इथपर्यंत."

डाव्या बाजूचं चाक आम्ही दोघींनी केलं. उजव्या बाजूला मी फक्त बघत राहिले. बोल्ट आवळताना तिने जीभ दातांत धरली होती, सुईत दोरा ओवताना धरायची तशी. आवळून झाल्यावर मी तपासला. पाना केसभरही पुढे सरकला नाही.

"आता बस आणि ब्रेक दाब," चाकं बसवून गाडी खाली घेतल्यावर मी म्हटलं.

ती बसली, दाबला आणि ओरडली. "केतकी! आत गेला! पूर्ण आत गेला!"

"जाणारच. पिस्टन मागे आहे. पुन्हा दाब. दाबत राहा."

ती दाबत राहिली. मी उघड्या खिडकीतून तिचा पाय बघत होते. आधी पूर्ण आत, मग थोडा कमी, मग अर्ध्यावर. मग पाय थांबला. तिने जोर लावला. पाय तिथेच.

"टेकला," आत्या हळू आवाजात म्हणाली. मग मोठ्याने, "पास्कू, टेकला रे!"

काकांनी ट्रम्पेट उचललं. मी नको म्हणेपर्यंत अर्धी धून होऊन गेली होती.

डबीतली पातळी पुन्हा पाहिली, मग देवळामागच्या रिकाम्या रस्त्यावर आत्याने गाडी काढली. हळू वेगात जायचं, सावकाश थांबायचं, पुन्हा. नवे पॅड असेच मुरतात. पहिल्या थांब्याला तिने स्टिअरिंग कवटाळलं होतं. शेवटच्या थांब्याला ती एका हाताने काकांना बाजूला व्हायला खुणावत होती.

दुपारी आम्ही वर गेलो. सरोजमावशी व्हरांड्यात तयार होऊन बसली होती, काठी एका बाजूला आणि शेवयांच्या खिरीचं पातेलं दुसऱ्या बाजूला. पातेल्याला झाकण नव्हतं. वर पांढरं फडकं बांधलं होतं.

"डब्यात घाल ना," आत्या म्हणाली.

"डब्यात मावत नाही. आणि देवळापुढे डब्यातली खीर वाटू? तू चालव. मी धरते."

"सरोज, पातेलं काठोकाठ भरलंय."

"मग नीट चालव."

मावशीला पुढच्या सीटवर बसवलं, पातेलं तिच्या मांडीवर. मागे मी आणि काका. घाट सुरू झाला तसा आत्याने दुसरा गिअर टाकला. इंजिन घुमायला लागलं.

"गाडी रडते का गो?" मावशीने विचारलं.

"रडत नाही. धरून ठेवते आपल्याला."

"तुला कसं कळलं?"

"उघडून बघितली," आत्या म्हणाली.

मागून एक जीपवाला हॉर्न वाजवत होता. आत्याने खिडकीतून हात काढून त्याला पुढे जायला सांगितलं. एक वळण आलं, कठड्यावर चाकाच्या उंचीला एक लांब काळा ओरखडा होता. आत्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. ब्रेक दाबला, सोडला, वळली. मावशी तिला शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल करून दाखवत होती, आणि आत्या हसत होती.

त्याच्या पुढच्या वळणावर एक माकडीण पोटाला पिल्लू लावून रस्त्याच्या मधोमध बसली होती.

"शालन!"

"दिसली," आत्या म्हणाली.

गाडी थांबली. माकडिणीने आमच्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे पाहिलं, मग सावकाश उठून कठड्यावर गेली. काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. आत्याने पुन्हा गिअर टाकला.

देवळासमोर गाडी उभी राहिली तेव्हा गर्दी जमायला लागली होती. मावशीला उतरवायच्या आधीच तिने आत्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि तो हात कितीतरी वेळ सोडला नाही. पातेलं मी घेतलं. फडक्यावर खिरीचा एकच डाग होता. पिशवीतली मोजपट्टी काढून मी तो मोजला. अख्ख्या घाटाचा हिशेब: व्यास दोन सेंटिमीटर.